सडपातळ देह आणि सुटलेले पोट

“मी तर बारीक, मला शुगर कशी होईल?” हा प्रश्न आमच्या बाह्यरुग्ण विभागात अनेकदा विचारला जातो. धानाच्या बांधीत राबणाऱ्या भंडारा जिल्ह्यात काटक शरीर हेच आरोग्याचे लक्षण मानले गेले, त्यामुळे तो स्वाभाविकही आहे. मात्र वजनकाट्यावर विसंबलेली व्यक्ती रक्ततपासणी टाळते आणि मधुमेह वर्षानुवर्षे लपून राहतो.

या प्रश्नाचे उत्तर पुण्यातील संशोधनात सापडते. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच छायाचित्रे शेजारी शेजारी छापली. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र डॉ. युडकिन यांची ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. आपल्या लोकांत हा फरक जन्मापासूनच असतो. पुण्याजवळील खेड्यांतील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो आढळले. आपल्या बालकांचे स्नायू लहान होते, पण पाठीच्या त्वचेखालील चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. गर्भवती मातेच्या पोषणाकडे आम्ही अधिक लक्ष देतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठणारी चरबी निष्क्रिय नसते. तिच्या पेशी फुगल्या की शरीराच्या संरक्षक पेशी तेथे जमतात व इंटरल्यूकिन-६ यांसारखी दाहकारक द्रव्ये स्रवू लागतात. ही द्रव्ये रक्तावाटे थेट यकृतात पोहोचतात आणि यकृत सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन तयार करते. ताप नाही, वेदना नाही. पण हा मंद दाह इन्सुलिनचे कार्य बिघडवतो आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरास इजा करतो.

नांगरणी ट्रॅक्टरने व मळणी यंत्राने होऊ लागली, शरीराचे कष्ट घटले. ताटातील भाताचा ढीग मात्र तेवढाच राहिला. (भात सोडा, असे भंडाऱ्यात कोणास सांगावे? थोडा कमी घ्यावा आणि सोबत वरण, भाजी वाढवावी, एवढेच आम्ही सुचवतो.)

१६५ सेंटिमीटर उंची व ६० किलो वजन असलेल्या पुरुषाचा निर्देशांक सुमारे २२ येतो, म्हणजे वजन योग्य ठरते. तरीही त्याच्या कमरेचा घेर मोजावा. भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर व स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा सुचविली. पँटचे माप येथे उपयोगाचे नाही, कारण पट्टा बहुधा पोटाच्या खाली बांधलेला असतो! उभे राहून, श्वास सोडल्यावर, शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर शिंप्याची टेप धरावी.

घेर अधिक असल्यास उपाशीपोटी रक्तशर्करा व रक्तदाब तपासून घ्यावा. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनची चाचणी मुद्दाम करून घेण्याची गरज नाही. साध्या जंतुसंसर्गानेही तो आकडा वाढतो. रोज भरभर चालण्याने पोटातील चरबी घटते, मग काट्यावरचे वजन तेवढेच राहिले तरीही.