कठोर शब्द आणि वनरक्षकाचे मन

चंद्रपूर आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून वेगळा झालेला गडचिरोली या वनजिल्ह्यांत शासनाचे डोळे व कान म्हणजे नियतक्षेत्रावरील वनरक्षक. काम जोखमीचे, २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबात व्याघ्रगणनेच्या पूर्वतयारीत असलेल्या एका वनरक्षक भगिनीचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. वणव्याचा धूर असो की तोडलेल्या सागाचा बुंधा, ती वार्ता वनरक्षकाकडून वनपाल, वनपरिक्षेत्र अधिकारी अशी वर जाते. वरिष्ठाने चारचौघांत केलेल्या पाणउताऱ्याने ही साखळी नेमकी कोठे तुटते, हे पाहण्यासारखे आहे.

नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागांतील २४ पथकांवर इस्राएलमध्ये केलेला एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. आजारी अर्भकावरील उपचाराचा सराव चालू असता काही पथकांना एका तज्ज्ञाचे अवमानकारक शेरे ऐकविण्यात आले. शिवीगाळ नव्हती, शेरेही सौम्यच होते. तरी निदान व प्रत्यक्ष उपचार या दोहोंत ती पथके मागे पडली. माणसे एकमेकांना माहिती देण्यास व मदत मागण्यास कचरू लागली होती.

आपल्याकडे १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा पेटविला जातो आणि आग पसरते. ती कळविताच “तू झोपला होतास काय?” असे बिनतारी यंत्रावर सर्वांदेखत ऐकावे लागले, तर पुढच्या खेपेस वनरक्षक आग आधी स्वतःच विझवू पाहील आणि कळवील नंतर. तो कामचुकार झालेला नसतो. गस्तीची नोंदवही भरलेली असते, हजेरीही पूर्ण असते. आटलेली असते ती कामातील तन्मयता. पायवाटेने चालताना मनात तोच प्रसंग घोळत राहतो.

चूक दाखवूच नये, असे कोणी म्हणणार नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ त्याकरिताच आहेत. त्यांत कर्मचाऱ्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी असते. रस्त्यावरच्या झाडाझडतीत ती नसते.

शिवाय वरून आलेला कठोर शब्द खाली उतरत जातो: वनरक्षकाकडून हंगामी वनमजुराकडे आणि अखेर गावकऱ्याकडे. महाराष्ट्रात १९९२ पासून संयुक्त वनव्यवस्थापन ज्यांच्या भरवशावर उभे आहे, ते हेच गावकरी. आज उपग्रहाद्वारे आगीची सूचना मोबाइलवर येते खरी. परंतु धूर पुष्कळदा मोह वेचणाऱ्या बाईलाच प्रथम दिसतो, आणि तो वनरक्षकाला सांगावा की नाही, हे ती त्याच्या मागच्या भेटीतील बोलण्यावरून ठरविते.