पीळ उजवा की डावा?

अंधारात दोराचा पीळ आपण बोटाने चाचपून ओळखतो. माणसाने बनवलेल्या काही रसायनांचे धागेही असेच पिळाचे असतात. पण ते केसाहून हजारो पट बारीक! ते कसे चाचपायचे?

१९८६ साली बिनिग, क्वेट व गर्बर यांनी त्यासाठी यंत्र काढले. त्याची बारीक सुई धाग्यावरून बोटासारखी फिरते. उंचसखल भाग टिपते. त्याचे चित्र उमटते. जपानात नागोया येथे २००६ साली असा पीळ पाहिला. आपल्या कोल्हापुरात, शिवाजी विद्यापीठातही असे यंत्र आहे.

याचा उपयोग काय? काही औषधांत उजवे आणि डावे कण मिसळलेले असतात. एक गुण देतो, दुसरा कधी अपाय करतो. पिळाचे धागे त्यांना निवडून वेगळे करतात. म्हणून धाग्याचा पीळ नीट ओळखावा लागतो.