खिडकीला बांधलेला दोर

शास्त्रवाचन : यहोशवा २:१८, हबक्कूक २:३

कोलकात्यात बालीगंज येथे मुक्कामी असताना हुगळीच्या पश्चिम तीरावरील श्रीरामपूरला जाण्याचा योग आला. विल्यम कॅरी नोव्हेंबर १७९३ मध्ये बंगालात उतरले. त्यांच्या सेवेतील पहिल्या बंगाली विश्वासणाऱ्याचा, कृष्ण पाल या सुताराचा, बाप्तिस्मा तेथे झाला तो २८ डिसेंबर १८०० रोजी. मधल्या सात वर्षांत पाच वर्षांचा पुत्र पीटर गेला, पत्नीचे मनःस्वास्थ्य ढळले, पीक मात्र दिसेना. तरी भाषांतराची लेखणी थांबली नाही. १८०१ साली बंगाली नवा करार छापून झाला. १८११ साली मराठी नवा करारही श्रीरामपुरातूनच निघाला.

इब्री भाषेत आशेला ‘तिक्वा’ म्हणतात. राहाबेने खिडकीला बांधलेल्या किरमिजी दोरालाही तोच शब्द आहे. सुटकेचा दिवस तिला ठाऊक नव्हता. तरी तिने दोर बांधला. हबक्कूकालाही देवाने हेच शिकविले की, विलंब भासला तरी दर्शनाचा समय नेमलेला आहे.

प्रियजनहो, आपली एखादी प्रार्थना वर्षानुवर्षे अनुत्तरित असेल. तिचा समय प्रभूच्या स्वाधीन करून आज सोपविलेले काम निष्ठेने करू या. दोर बांधलेलाच राहू द्या.