बंदुकीऐवजी कॅमेरा

(रानातील प्राण्यांचे निरीक्षण कसे करतात, त्यांची छायाचित्रे कशी काढतात आणि त्या छायाचित्रांचा उपयोग काय होतो, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मुलांनो, तलासरी हा पालघर जिल्ह्यातील तालुका महाराष्ट्राच्या सीमेवर आहे. त्याच्या पलीकडे गुजरात राज्य सुरू होते. शेजारीच डहाणू तालुका आहे. या भागात वारली लोकांची वस्ती मोठी आहे. त्यांच्या पाड्यांजवळ आणि रानात वाघोबाची ठाणी दिसतात. वाघोबा हे वाघाचे आणि बिबट्याचे दैवत. अभ्यासकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या एका पाहणीत पालघर, ठाणे आणि मुंबई उपनगर या जिल्ह्यांतील वाघोबाच्या दीडशेहून अधिक ठाण्यांची नोंद आहे. या परिसरातून वाघ नाहीसा झाला, पण बिबट्या अजून आहे.

बिबट्या बहुधा रात्री फिरतो. त्याच्या पावलांचा आवाज होत नाही. रानाशेजारी राहणाऱ्या माणसालाही तो क्वचितच दिसतो. मग तो रानात आहे, हे कसे कळते?

जाणकार माणूस प्रथम जमिनीकडे पाहतो. ओल्या मातीत पायाचे ठसे उमटलेले असतात. कुत्र्याच्या ठशात नखांच्या खुणा दिसतात. बिबट्या चालताना नखे आत ओढून घेतो, म्हणून त्याच्या ठशात नखे बहुधा दिसत नाहीत. झाडाच्या खोडावर ओरखडे असतात. वानरे उंच फांदीवरून एकाच दिशेला पाहत ओरडू लागली, तर खाली शिकारी प्राणी असण्याचा संभव असतो. डोळे आणि कान उघडे ठेवणे हा निरीक्षणाचा पहिला धडा आहे.

दुसरा धडा शांत बसण्याचा. अनेक प्राण्यांचे नाक माणसाच्या नाकापेक्षा फार तीक्ष्ण असते. आपल्याकडून त्यांच्याकडे वारा वाहत असेल, तर आपण दिसण्याआधीच त्यांना आपला वास येतो. म्हणून वाऱ्याची दिशा पाहून जागा निवडावी लागते. भडक रंगाचे कपडे घालू नयेत. बोलू नये. महाराष्ट्रात उन्हाळ्यात, बुद्धपौर्णिमेच्या रात्री, अनेक अभयारण्यांत प्राण्यांची मोजणी करण्याची पद्धत आहे. त्या दिवसांत रानात पाणी कमी असते आणि चांदणे भरपूर असते. पाणवठ्याजवळ मचाण बांधलेले असते. त्यावर रात्रभर बसून कोणता प्राणी किती वाजता पाणी प्यायला आला, हे लिहून ठेवतात.

एके काळी माणूस मचाणावर बंदूक घेऊन बसत असे. मारलेल्या वाघावर पाय ठेवून तसबीर काढून घेण्यात मोठेपणा मानला जाई. काही माणसांनी मात्र बंदुकीच्या जागी कॅमेरा घेतला. इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी किअर्टन हे दोघे भाऊ होते. पक्ष्यांनी घाबरू नये म्हणून त्यांनी बैलाच्या कातड्याचा पोकळ बैल तयार केला. त्याच्या पोटात लपून ते छायाचित्रे काढत. पुढे चेरी किअर्टन आफ्रिकेत गेले आणि तेथील प्राण्यांचे चित्रपट त्यांनी तयार केले.

आपल्या देशात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाचे वन अधिकारी होते. आजच्या उत्तर प्रदेश आणि उत्तराखंड या भागात ते नोकरी करत. वाघाच्या वाटेवर ते बारीक तार बांधत. रात्री वाघाचा पाय तारेला लागला, की लख्ख प्रकाश पडे आणि वाघाचे छायाचित्र आपोआप निघे. त्यांचे पुस्तक १९२७ साली प्रसिद्ध झाले. प्रसिद्ध शिकारी जिम कॉर्बेट यांनाही त्यांच्या छायाचित्रांवरून कॅमेऱ्याची गोडी लागली.

आफ्रिकेतील केनिया देशातील मसाई मारा आणि टांझानिया देशातील सेरेंगेटी ही गवताळ मैदाने सिंह, हत्ती, जिराफ आणि झेब्रा यांच्यासाठी जगभर प्रसिद्ध आहेत. तेथे बहुतेक छायाचित्रकार मोटारीत बसूनच छायाचित्रे काढतात. तेथील प्राण्यांना मोटारीची सवय झालेली असते. मोटार आपल्याला खात नाही आणि आपल्या अंगावर येत नाही, हे ते ओळखून असतात. पण माणूस खाली उतरला, की त्यांना वेगळा आकार दिसतो. मग प्राणी पळून जातो किंवा अंगावर धावून येतो. म्हणून प्राण्यांजवळ गाडीतून उतरण्यास तेथे मनाई असते.

आता तर माणूस जवळ नसतानाही छायाचित्र निघते. अशा कॅमेऱ्याला ‘कॅमेरा ट्रॅप’ म्हणतात. ट्रॅप म्हणजे सापळा. पण या सापळ्यात प्राणी अडकत नाही, फक्त त्याचे चित्र अडकते. प्राण्यांच्या वाटेवर झाडाला किंवा खांबाला, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, हा कॅमेरा बांधतात. समोरून उष्ण शरीराचा प्राणी गेला, की यंत्राला ते कळते आणि छायाचित्र निघते. त्यावर तारीख आणि वेळही उमटते.

बिबट्यासाठी वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा लावतात. याचे कारण असे, की कोणत्याही दोन बिबट्यांच्या अंगावरचे ठिपके सारखे नसतात. एकाच बिबट्याच्या उजव्या आणि डाव्या बाजूचे ठिपकेही वेगळे असतात. जसे माणसाच्या बोटांचे ठसे, तसे हे ठिपके. दोन्ही बाजूंची छायाचित्रे जुळवून हा बिबट्या जुना की नवा, हे ठरवता येते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २०१५ साली अशी मोजणी झाली, तेव्हा ३५ बिबटे आढळले. एकालाही पकडावे लागले नाही.

हे काम धीराचे आहे. सेरेंगेटीत २०१० सालापासून २२५ कॅमेरे लावण्यात आले. पहिल्या तीन वर्षांत सुमारे १२ लाख वेळा कॅमेरे चालले. त्यांपैकी सुमारे सव्वातीन लाख वेळाच चित्रात प्राणी सापडला. बाकीच्या वेळी होते ते फक्त वाऱ्याने हलणारे गवत आणि ऊन! ही सर्व चित्रे तपासण्यासाठी जगभरातील २८ हजारांहून अधिक लोकांनी मदत केली.

मुलांनो, आज जवळजवळ प्रत्येक घरात मोबाइल आहे आणि मोबाइलमध्ये कॅमेरा आहे. बिबट्या किंवा साप दिसला, की लोक त्याच्याभोवती गोळा होतात. जो तो छायाचित्रासाठी पुढे सरकतो. पळायला वाट मिळाली नाही, तर घाबरलेला प्राणी हल्ला करतो. माणूस जखमी होतो आणि कित्येकदा प्राणीही प्राणाला मुकतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बिबट्याला पूर्ण संरक्षण दिले आहे. त्याची शिकार करणे हा गुन्हा आहे. परंतु बंदूक न चालवताही माणूस प्राण्याचा जीव धोक्यात आणू शकतो, हे विसरू नये.

म्हणून रानात बिबट्या दिसला, तर त्याच्यामागे धावू नये. त्याची वाट मोकळी ठेवावी. मोठ्या माणसांना व वन विभागाला कळवावे. घरट्यात पिले असतील, तर छायाचित्रासाठी फांद्या बाजूला करू नयेत. उघड्या पडलेल्या पिलांवर कावळ्याची नजर पडते. प्राणी आपल्याकडे टक लावून पाहू लागला, चरायचा थांबला किंवा कान टवकारून उभा राहिला, तर आपण फार जवळ गेलो आहोत असे समजावे आणि हळूच मागे यावे. आपण निघून गेल्यावरही प्राणी तेथेच शांतपणे चरत राहिला, तर ते निरीक्षण चांगले झाले असे समजावे. मग छायाचित्र थोडे अस्पष्ट आले तरी चालेल.

शब्दार्थ
पाडा – लहान वस्ती
ठाणे – देवाचे स्थान
पाणवठा – पाणी पिण्याची जागा
मचाण – उंचावर बांधलेली बसण्याची जागा
तसबीर – चित्र, छायाचित्र
कान टवकारणे – सावध होऊन ऐकणे
प्राणाला मुकणे – मरण पावणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बिबट्याच्या ठशात नखे बहुधा का दिसत नाहीत?
(आ) किअर्टन बंधूंनी पोकळ बैल कशासाठी तयार केला?
२. कारणे लिहा.
(अ) बिबट्यासाठी वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावतात.
(आ) मसाई मारा येथे प्राण्यांजवळ गाडीतून उतरण्यास मनाई असते.
३. शिकार, नजर, जंगल, जनावर हे शब्द मराठीत वापरून प्रत्येकी एक वाक्य लिहा.
४. उपक्रम : शाळेजवळील एखादा पक्षी किंवा खार दहा मिनिटे दूरून पाहा. काय पाहिले, ते वेळेसह पाच वाक्यांत लिहा.