सुतार टेप तिरकी का धरतात?

प्रश्न : घरी कपाटाचं काम चाललं आहे. ३३ सेंटिमीटर रुंदीच्या फळीतून सात सारख्या पट्ट्या काढायच्या होत्या. सुतारकाकांनी भागाकार केलाच नाही. टेप फळीवर तिरकी धरली, पटापट खुणा केल्या आणि म्हणाले, झाले सात भाग. हे बरोबर कसं येतं?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : अगदी बरोबर येतं, आणि भागाकारापेक्षा जास्त बरोबर येतं. ३३ ला ७ ने भागलं तर ४.७१४ आणि पुढे न संपणारे आकडे. अशी खूण कुठल्याच टेपवर नसते. तुम्ही ४.७ धरून एकापुढे एक मोजत गेलात, तर प्रत्येक वेळी सुटलेला बारीकसा अंश साठत जातो आणि सातव्या पट्टीशी पूर्ण एक मिलिमीटर उरतो.

काकांनी ३३ सोडून सातच्या पाढ्यातला पुढचा आकडा घेतला, ३५. टेपचं शून्य एका काठावर ठेवलं आणि ३५ ची खूण समोरच्या काठाला टेकेपर्यंत टेप तिरकी केली. आता दर पाच सेंटिमीटरला खूण केली, की सहा खुणा आणि सात भाग. प्रत्येक खुणेतून काठाला समांतर रेघ ओढायची, बस्स. ३५ ऐवजी ४२ धरून दर सहाला खूण केली तरी रेघा तिथेच पडतील. फक्त टेप आणखी तिरकी होईल.

कारण दहावीच्या ‘समरूपता’ प्रकरणात आहे. समांतर रेषांनी एका छेदिकेवर सारखे तुकडे पाडले, तर दुसऱ्या कुठल्याही छेदिकेवर पडणारे तुकडेही एकमेकांशी सारखेच असतात. टेप ही एक छेदिका, फळीची रुंदी दुसरी. रेषाखंडाचा हवा तेवढा भाग काढण्याची हीच रीत युक्लिडने सुमारे २३०० वर्षांपूर्वी ‘एलिमेंट्स’च्या सहाव्या भागात दिली आहे.

पण कागदावर रेघ मारणं वेगळं आणि लाकूड कापणं वेगळं. पातं स्वतःच्या जाडीएवढं लाकूड भुसा करून टाकतं. मशीनचं पातं तीन मिलिमीटरचा काप घेत असेल, तर सहा कापांत १८ मिलिमीटर गेले. आणि पातं कधी रेघेच्या अलीकडे, कधी पलीकडे चालवलं, तर पट्ट्या लहानमोठ्या होतात. इथे एक सुंदर युक्ती आहे. समोरच्या काठाला कापाच्या जाडीएवढी पट्टी टेकवून ठेवा आणि ३५ ची खूण त्या पट्टीच्या बाहेरच्या काठावर आणा. म्हणजे आपण ३३ नव्हे, ३३.३ चे सात भाग करतो. प्रत्येक भागात एक पट्टी आणि एक काप. शून्याच्या बाजूने, प्रत्येक रेघेच्या अलीकडेच पातं चालवलं, की सातही पट्ट्या ४४.५७ मिलिमीटरच्या. शेवटचा काप हवेत जातो, म्हणूनच ती जास्तीची पट्टी.

खिडकीच्या गजांचं गणितही हेच. १४२ सेंटिमीटरच्या चौकटीत दोन सेंटिमीटर जाडीचे ११ गज बसवायचे, तर फटी १२. चौकटीत एका गजाची जाडी मिळवा, १४४. भागिले १२. दोन गजांच्या मध्यांतलं अंतर १२, फट १० सेंटिमीटर. गज ११ म्हणून ११ ने भागणारे बरेच जण इथे फसतात.

ही रीत फक्त सरळ लांबीला लागू आहे, हे मात्र ध्यानात ठेवा. सरळ रेषेचे सात भाग कंपास-पट्टीने तंतोतंत होतात. वर्तुळाचे सात सारखे भाग त्याच साधनांनी करताच येत नाहीत. कुठल्याही कोनाचे तीन सारखे भाग करणारी एकच रीतही या दोन साधनांत नाही, हे पिएर वाँत्झेलने १८३७ साली सिद्ध केलं.

घरात शाळकरी मूल असेल तर त्याच्या रेघी वहीवर कागदाची एक पट्टी तिरकी ठेवा. तिचं एक टोक एका रेघेवर, दुसरं त्यापुढच्या सातव्या रेघेवर. मधल्या रेघा जिथे पट्टीला भेटतात तिथे खुणा करायला सांगा आणि मग मोजायला लावा. दहावीच्या शिक्षकांनाही विनंती, हे प्रमेय फळ्यावर सिद्ध करण्याआधी वर्गात एकदा टेप तिरकी धरून दाखवा.