‘सिंचनयोग्य’ पाणी भाजीपाल्यास सुरक्षित असते काय? – खारुन नदीकाठचा विचार

प्रस्तावना

रायपूरच्या गोल बाजारासारख्या गजबजलेल्या पेठेत वापरलेले पाणी गटारांतून नाल्यांत व नाल्यांतून खारुन नदीकडे जाते. खारुन पुढे शिवनाथला आणि शिवनाथ महानदीला मिळते. नदीकाठी याच पाण्यावर पिकलेली कोथिंबीर उद्या शहराच्याच बाजारात परत येऊ शकते. त्यामुळे सांडपाण्याचा प्रश्न महानगरपालिकेपुरता न राहता शेतकरी व ग्राहक या दोघांचाही ठरतो. शहरातील सांडपाण्यासाठी निमोरा, चंदनीडीह येथे प्रक्रिया केंद्रे आहेत. तरीही शेतापर्यंत पोहोचणाऱ्या पाण्याची स्वतंत्र पारख आवश्यक असते.

प्रक्रियेने काय साधते?

प्रथम जाळ्यांनी कचरा व नंतर वाळू वेगळी केली जाते. हवा मिसळलेल्या टाक्यांत जिवाणू सेंद्रिय पदार्थांचे विघटन करतात. गाळ खाली बसल्यावर वरचे पाणी निर्जंतुक करून सोडले जाते. यामुळे जैवरासायनिक प्राणवायू मागणी (बीओडी) घटते व नदीतील जलचरांना प्राणवायू उरतो. विरघळलेले क्षार मात्र या पद्धतीने निघत नाहीत आणि रोगजंतूंचा पुरेसा नाश निर्जंतुकीकरण नीट झाले तरच होतो.

‘ई’ वर्गाची मर्यादा

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात सिंचनाचे पाणी ‘ई’ वर्गात येते. त्याचे निकष असे : सामू 6.0 ते 8.5, विद्युत वाहकता कमाल 2250 मायक्रोम्हो प्रति सें.मी., सोडियम अधिशोषण गुणोत्तर कमाल 26 आणि बोरॉन कमाल 2 मि.ग्रॅ. प्रति लिटर. यात कोलिफॉर्म जिवाणूंची मर्यादा नाही. म्हणजेच हे निकष जमीन व पीक यांचा विचार करतात, भाजी खाणाऱ्याचा नव्हे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 1989 मध्ये 100 मि.लि. पाण्यात विष्ठाजन्य कोलिफॉर्म 1000 पर्यंत आणि एका लिटरमध्ये जंताचे अंडे एकापेक्षा अधिक नसावे, अशी मर्यादा सुचवली होती. शिवाय भारी कन्हार जमिनीत गुणोत्तर 26 पेक्षा बरेच कमी असतानाही निचरा बिघडू शकतो.

नत्राचा हिशेब

पाण्यात नत्र 10 मि.ग्रॅ. प्रति लिटर असल्यास 5 सें.मी. खोलीच्या एका पाळीतून (हेक्टरी 5 लाख लिटर) 5 किलो नत्र मिळते. हे वजा न करता भाताला पूर्ण खतमात्रा दिल्यास पीक लोळण्याचा धोका वाढतो.

शिफारशी

1. नमुना केंद्राच्या मुखाशी न घेता आपण पाणी उचलतो तेथे घ्यावा. वाटेत एखादा प्रक्रिया न झालेला नाला मिळत असू शकतो. नदीचा प्रवाह क्षीण असताना, उन्हाळ्यात, तपासणी अवश्य करावी.
2. जिवाणू तपासणीसाठी निर्जंतुक बाटली वापरावी व नमुना बर्फात ठेवून 24 तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावा.
3. तपासणी होईपर्यंत कोथिंबीर, मुळा, काकडी, टोमॅटो यांना हे पाणी देऊ नये. फुलझाडे किंवा वनवृक्ष यांचा पर्याय निवडावा.
4. तुषार सिंचन टाळून ठिबक वापरावे आणि काढणीपूर्वी काही दिवस पाणी तोडावे.
5. काढलेली भाजी नाल्याच्या पाण्यात धुऊ नये. शेतात काम करणाऱ्यांनी गमबूट व हातमोजे वापरावेत.

समारोप

विस्तार कार्यकर्त्यांनी पाण्याचा अहवाल वाचताना क्षारांच्या आकड्यांवर न थांबता कोलिफॉर्मचा रकाना अवश्य पाहावा. तो रकानाच नसेल, तर भाजीपाल्याच्या दृष्टीने तपासणी अपुरी आहे, असे शेतकऱ्यांना स्पष्ट सांगावे.