भारवहन आणि अस्थिधातू : वजनाच्या जाकिटाच्या निमित्ताने

प्रास्ताविक

'वेटेड व्हेस्ट' या नावाने मिळणारे वजनाचे जाकीट आता बारामती-इंदापूरसारख्या तालुक्यांच्या गावीही येऊन पोहोचले आहे. ते अंगात घालून चालल्यास हाडे बळकट होतात, अशी समजूत झाल्याने पन्नाशीच्या आसपासच्या रुग्णा 'हे घालू का?' म्हणून आम्हांस विचारतात. या प्रश्नास केवळ 'हो' वा 'नाही' एवढे उत्तर पुरत नाही. भाराने अस्थीचे पोषण होते की क्षय होतो, याचा विचार आपल्या शास्त्राच्या आधारे व अलीकडच्या संशोधनाच्या साहाय्याने करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रुग्णानुभव

इंदापूर तालुक्यातील एक रुग्णा. वय ५७ वर्षे, वजन ४६ किलो. ३५ व्या वर्षी गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेली. घरी दोन जर्शी गाई. त्यांच्यासाठी उसाच्या वाढ्याचा भारा रोज डोक्यावरून आणण्याचे काम वीस-बावीस वर्षे केलेले. पुढे ती बारामतीत मुलाकडे राहावयास आली. सुनेने प्रेमाने सहा किलोचे जाकीट आणून दिले. ते अंगात घालूनच ती दिवसभर घरकाम करू लागली. तिसऱ्या आठवड्यात वाकून पाण्याची बादली उचलताना पाठीत एकाएकी तीव्र शूल उत्पन्न झाला.

येथे आमची चूक सांगणे आवश्यक आहे. आम्ही हा सामान्य कटिशूल समजून बारा दिवस स्नेहन, स्वेदन व मर्दन केले. उपशय मिळाला नाही. नंतर पृष्ठवंशावर बोटाने आघात करून पाहिला असता एकाच ठिकाणी असह्य वेदना आढळली. क्ष-किरण चित्रात पाठीचा बारावा मणका पुढील बाजूस दबलेला दिसला; डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे ३.१ आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या निकषानुसार उणे २.५ वा त्याखालील अंक म्हणजे अस्थिसौषिर्य होय. ज्या मणक्यास विश्रांती हवी होती, त्यावर आम्ही मर्दन करीत होतो.

अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठविताना रुग्णेने विचारले, "सारा जन्म डोक्यावर भारं वाहिलं डॉक्टर, मग माझी हाडं भुसभुशीत कशानं झाली?" हा प्रश्न आम्हांस जाकिटाच्या प्रश्नाहून मोठा वाटतो.

शास्त्रविचार

अस्थी हे वायूचे आश्रयस्थान होय. इतर धातूंच्या ठिकाणी आश्रय व आश्रयी यांची वृद्धी व क्षय बरोबरीने होतात; अस्थी व वायू यांचे नाते मात्र उलट आहे. वायू वाढला की अस्थी क्षीण होतो. हा अपवाद वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात अकराव्या अध्यायात स्पष्ट केला आहे.

व्यायाम शरीरास स्थैर्य व बल देतो, असे चरकाचार्य सांगतात. परंतु विमानस्थानाच्या पाचव्या अध्यायात अस्थिवह स्रोतसांच्या दुष्टीची कारणे सांगताना ते व्यायाम, अतिसंक्षोभ, अस्थींचे अतिविघट्टन व वातल आहार यांची गणना करतात. निदानस्थानात शोषाच्या हेतूंमध्ये अतिमात्र भार वाहणे हे 'साहस' म्हणून आले आहे. एकच कर्म बल्यही आहे व क्षयकारकही आहे. भेद मात्रेचा व पात्राचा आहे.

ही मात्रा वाग्भटाचार्यांनी दिनचर्येत ठरवून दिली आहे. व्यायाम अर्धशक्तीने करावा. तो बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्याने करावा. शीतकाळी व वसंतात करावा, इतर ऋतूंत त्याहून कमी. ललाट, नासिका व कक्षा यांवर स्वेद येणे व मुखाने श्वास सुरू होणे ही अर्धशक्तीची लक्षणे ग्रंथांत सांगितली आहेत.

आधुनिक संशोधन

अस्थी भारानुसार आपली रचना बदलतो, हे जर्मन शल्यविद् ज्युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडले. अंतराळात भार नाहीसा झाला की अंतराळवीरांच्या कटिप्रदेशातील अस्थीची घनता दरमहा सुमारे एक ते दीड टक्क्याने घटते. मात्र भार जितका जास्त वेळ तितका लाभ अधिक, असे नाही. रुबिन व लॅन्यन यांनी १९८४ मध्ये कोंबड्यांच्या पंखातील अस्थीवर केलेल्या प्रयोगात दिवसाकाठी केवळ ३६ वेळा दिलेला भार पुरेसा ठरला. त्याहून अधिक आवर्तनांनी विशेष भर पडली नाही. अस्थिपेशींस जलद, बदलता, अल्पकाळचा भार जाणवतो. संथ व सततच्या भारास त्या लवकर सरावतात.

आता जाकिटाकडे येऊ. अमेरिकेतील ओरेगॉन येथील अभ्यासात रजोनिवृत्त स्त्रियांनी जाकीट घालून, उड्यांसह नियमित व्यायाम पाच वर्षे केला व त्यांच्या कटिप्रदेशातील अस्थी टिकून राहिला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एकूण १८ च स्त्रिया होत्या. जाकिटाची कीर्ती अशा लहान अभ्यासांवर उभी आहे, आणि तेथे जाकिटासोबत उड्याही होत्या, हे विसरले जाते.

याउलट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या अभ्यासात १५० स्थूल ज्येष्ठांचे वजन आहारनियंत्रणाने एका वर्षात कमी करण्यात आले. एका गटाने रोज सरासरी सात तास जाकीट घातले, दुसऱ्याने यंत्रांवर बलवर्धक व्यायाम केला, तिसऱ्याने केवळ आहार पाळला. तिन्ही गटांत कटिप्रदेशातील घनता एक ते दोन टक्क्यांच्या दरम्यान घटली. जाकिटाने ही घट रोखली नाही.

ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठाच्या अभ्यासात अस्थिघनता कमी असलेल्या १०१ रजोनिवृत्त स्त्रिया होत्या. त्यांपैकी एका गटाने प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, क्रमाने वाढविलेले जड वजन उचलले. आठ महिन्यांत त्यांच्या कटिकशेरुकांची घनता सुमारे तीन टक्के वाढली. भार मोठा, पण काळ अल्प, मध्ये विश्रांती व वर देखरेख, हे येथील सूत्र आहे.

उसाच्या फडातील भार

आपल्या परिसरात भारवहनाचे सर्वांत मोठे उदाहरण दरवर्षी डोळ्यांसमोर असते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी येथील कारखान्यांची धुराडी पेटली की बीड व अहिल्यानगरकडून ऊसतोड मजूर येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. पुरुष ऊस तोडतो, स्त्री मोळी बांधून डोक्यावर घेते व फळीवरून चढून वाहनात टाकते. एका मोळीचे वजन ३० ते ४० किलोपर्यंत भरते. भारानेच हाडे बळकट होत असती, तर या भगिनींची हाडे सर्वांत बळकट असती.

२०१९ मध्ये राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील पाहणीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. शस्त्रक्रियेत बीजकोशही काढले गेल्यास अस्थीचे रक्षण करणारा अंतःस्राव तत्काळ थांबतो. ते राखले तरी रजोनिवृत्ती लवकर येण्याचा संभव असतो.

वाग्भटाचार्यांच्या अटी येथे लावून पाहाव्यात. गळिताचा हंगाम शीतकाळी सुरू होऊन वसंतापर्यंत चालतो, म्हणजे ऋतूची अट पूर्ण होते. परंतु अर्धशक्ती नाही, कारण मजुरी टनावर आहे. स्निग्ध आहार नाही, रात्रीची झोप पुरी नाही, विश्रांती नाही. याला व्यायाम म्हणता येत नाही. हे साहस आहे. आमच्या रुग्णेचेही तेच झाले. घरात दोन गाई असूनही दूध संघाला जात होते, तिच्या वाट्यास चहापुरतेच उरत होते. तिच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस येथे मिळाले.

चिकित्सासूत्र

पुढील क्रम आम्ही आता पाळतो.

१. चाळिशीनंतरच्या स्त्रीस पाठदुखी असल्यास, विशेषतः रजोनिवृत्ती पंचेचाळिशीपूर्वी झाली असल्यास, उंची घटली असल्यास वा दीर्घकाळ स्टेरॉइड घेतले असल्यास, मर्दनापूर्वी क्ष-किरण परीक्षण. आवश्यक तेथे डेक्सा.

२. केश, नख, दंत यांचे पतन, श्रम व संधिशैथिल्य ही अस्थिक्षयाची लक्षणे प्रत्येक रुग्णेत विचारावीत.

३. प्रथम तीन महिने जाकीट नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीचा आधार घेऊन टाचा उचलून खाली टेकविणे, जिना चढणे, एका पायावर तोल सावरणे.

४. मणका दबलेला असल्यास, अस्थिसौषिर्य सिद्ध असल्यास, तसेच योनिभ्रंश, हृद्रोग, अनियंत्रित रक्तदाब वा भ्रम असल्यास जाकीट वर्ज्य.

५. इतरांस एक किलोपासून आरंभ. शरीराच्या वजनाच्या विसाव्या भागापर्यंत क्रमाने वाढ, दशांशाच्या वर कधीही नाही. आठवड्यातून तीनदा, पंधरा ते वीस मिनिटे. ते घालून घरकाम करू नये, वाकू नये. मुखाने श्वास सुरू झाला की थांबावे.

६. आहारात दूध, ताक, तीळ, शेवग्याचा पाला, हुलग्याचे माडगे. दूध संघाला घालण्यापूर्वी घरातील स्त्रीचा पेला बाजूला काढून ठेवावा, हे आम्ही सासू व सून दोघींसमोर सांगतो.

७. तिक्त द्रव्यांनी सिद्ध क्षीर, घृत व बस्ती ही चरकोक्त चिकित्सा बलाबल पाहून योजावी. अस्थिभंग झालेला असल्यास अस्थिरोगतज्ज्ञांची औषधे बंद करू नयेत.

उपसंहार

सदर रुग्णा आज आधाराशिवाय चालते. दबलेला मणका पूर्ववत झाला नाही व होणारही नाही. जाकीट खुंटीवर आहे. भार हे औषध आहे. म्हणून त्यासही मात्रा, काल, अनुपान व पात्र यांचा विचार लागू आहे. कोणी रुग्णा 'जाकीट घालू का?' असे विचारील, तेव्हा तिने आजवर कोणते भार वाहिले, कोणते अन्न खाल्ले व कोणत्या वयात ऋतुस्राव थांबला, हे तीन प्रश्न आपण आधी विचारावेत, अशी वैद्यबंधू-भगिनींस आमची विनंती आहे.